ओसरीवरच्या वर्गात जेडीके २५ : मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याच्या नजरेतून

अमळनेरला आमच्या घराच्या ओसरीवर गेले चार महिने रोज संध्याकाळी पाच विद्यार्थी जावा ही प्रोग्रामिंगची भाषा शिकायला बसतात. पाचही जण मराठी माध्यमातून आलेले आहेत. दोघांच्या घरी कापसाची शेती आहे, एकाचे वडील हमाली करतात आणि एक माझी भाची आहे. जावाच्या विकास संचाबद्दल, म्हणजे जावात प्रोग्राम लिहून चालवण्यासाठी लागणाऱ्या जेडीके या साधनांबद्दल, इंग्रजीत भरपूर लिहिलेले सापडते. पण घरी अहिराणी बोलणाऱ्या आणि शाळेत मराठी लिहिणाऱ्या मुलाला हा संच हाती घेतल्यावर पहिल्या आठवड्यात काय सोपे जाते आणि कुठे अडते, हे कोणी लिहिलेले माझ्या पाहण्यात आले नाही. म्हणून सप्टेंबर २०२५ मध्ये आलेल्या जेडीके २५ या आवृत्तीचे हे परीक्षण त्याच एका कसोटीवर केले आहे. सरावासाठी आम्ही कापसाच्या काटापट्टीचा प्रोग्राम निवडला: वजन, भाव, हमाली आणि तोलाईची वजावट, आणि शेतकऱ्याच्या हाती पडणारी रक्कम.

संच कोणाचा घ्यावा, हा प्रश्न आधी सोडवावा लागतो. जेडीकेची पहिली आवृत्ती सन मायक्रोसिस्टिम्सने जानेवारी १९९६ मध्ये आणली. २०१० मध्ये सन ही कंपनी ओरॅकलकडे गेली. आज मूळ काम ओपनजेडीके या खुल्या प्रकल्पात चालते आणि त्या एकाच सोर्सपासून निरनिराळ्या संस्था आपापले तयार संच देतात. ओरॅकलचा स्वतःचा संचही घेता येतो. मात्र त्याचा मोफत परवाना मुदतीला बांधलेला असतो, आणि पुढची दीर्घकालीन (अनेक वर्षे अपडेट मिळणारी) आवृत्ती आल्यानंतर एक वर्षाने त्या परवान्याखाली नवे अपडेट मिळणे थांबते. ज्याला उद्या एखाद्या व्यापाऱ्याच्या दुकानात आपला प्रोग्राम बसवायचा आहे, त्याने या मुदतींचा हिशेब ठेवत बसू नये असे मला वाटते. आम्ही एडॉप्टियमचा टेमुरिन हा संच घेतला. तो पूर्णपणे खुल्या परवान्यावर आहे आणि विंडोजसाठीची त्याची फाइल २०० एमबीच्या आत बसते, त्यामुळे मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून एकदा उतरवून पेन ड्राइव्हने पाचही यंत्रांवर चढवता आली. त्यानंतर इंटरनेट लागत नाही, ही या संचाची आमच्या भागातली सर्वांत मोठी सोय आहे.

बसवताना एका जागी लक्ष द्यावे लागते. इन्स्टॉलर ‘पाथ’ची, म्हणजे आज्ञा कुठल्या फोल्डरांत शोधायच्या याची, नोंद आपोआप करतो, पण संच कुठे बसला आहे हे सांगणाऱ्या ‘जावा होम’ या नोंदीपुढे सुरुवातीला फुली असते आणि ती आपण हाताने चालू करायची असते. पहिल्या धड्याला तिच्यावाचून काही अडत नाही. मात्र पुढे मेव्हनसारखी प्रोग्राम बांधणारी साधने हीच नोंद शोधतात, म्हणून ती तेव्हाच चालू करून ठेवावी.

आमचा खरा अडथळा वेगळाच निघाला. एका मुलाने जुना लॅपटॉप विकत आणला होता आणि त्यात आधीच्या मालकाने बसवलेला जावा ८ तसाच राहिला होता. प्रोग्राम कंपाइल झाला, म्हणजे लिहिलेल्या कोडचे जावाला चालवता येईल असे रूप तयार झाले, पण चालवताच पडद्यावर लांबलचक तक्रार आली आणि तिच्यात ६९ आणि ५२ असे दोन आकडे होते. मुलगा घाबरून गेला. त्याला वाटले, आपण लिहिलेलेच चुकले. खरे तर ६९ हा जावा २५ च्या क्लास फाइलचा (कंपाइल झाल्यावर बनणाऱ्या फाइलचा) क्रमांक आहे आणि ५२ हा जावा ८ चा. म्हणजे कंपाइल नव्या संचाने केले होते आणि चालवायला जुना जावा पुढे आला होता. कमांडच्या खिडकीत ‘व्हेअर जावा’ असे विचारले की यंत्रात जावा कुठे कुठे आहे याची यादी क्रमाने मिळते आणि सर्वांत वर असलेलाच चालतो. जुना काढून टाकला, खिडकी बंद करून पुन्हा उघडली आणि काम झाले. ज्यांच्याकडे वापरलेले यंत्र आहे त्यांनी नवा संच बसवण्याआधी ही यादी पाहावी. आमची पूर्ण संध्याकाळ यात गेली, तुमची जाऊ नये.

आता या आवृत्तीच्या सर्वांत मोलाच्या गोष्टीकडे येतो. आजवर जावाचा पहिला धडा म्हणजे पाच-सहा अनोळखी इंग्रजी शब्दांची रांग असे. ‘पब्लिक’, ‘क्लास’, ‘स्टॅटिक’, ‘व्हॉइड’, ‘स्ट्रिंग’ आणि ‘आर्ग्स’ हे सारे लिहून झाले की मग कुठे एक ओळ छापता येई, आणि शिकवणारा म्हणे की सध्या पाठ करा, अर्थ पुढे कळेल. पाठ करण्याची सवय आमच्या मुलांना आधीच फार आहे, आणि प्रोग्रामिंगमध्ये तीच सवय त्यांना मागे खेचते. जेडीके २५ मध्ये ‘व्हॉइड मेन’, पुढे रिकामा कंस, मग महिरपी कंस आणि त्यात ‘आयओ डॉट प्रिंटलाइन’ची एक ओळ, एवढ्यावर पूर्ण प्रोग्राम होतो. ‘क्लास’चे, म्हणजे माहिती आणि तिच्यावरची कामे एकत्र बांधणाऱ्या वर्गाचे, नाव लिहावे लागत नाही, नेहमीच्या साधनांसाठी वेगळा ‘इम्पोर्ट’ लागत नाही, आणि जावा या आज्ञेपुढे फाइलचे नाव दिले की कंपाइल करण्याची वेगळी पायरीही उरत नाही. ही शेवटची सोय २०१८ च्या जावा ११ पासूनच होती. पुढे वर्ग म्हणजे काय ते शिकायचेच आहे, पण आता ते त्याची गरज भासेल तेव्हा शिकता येते. आमच्या ओसरीवर ही गरज तिसऱ्या आठवड्यात आपसूकच उभी राहिली, कारण एका शेतकऱ्याच्या तीन गाड्यांची पट्टी एकत्र ठेवायची होती.

देवनागरीचा अनुभव मात्र मिश्र आहे आणि तो नीट सांगायला हवा. जावाच्या आत देवनागरीला पूर्ण मान आहे. चलांची, म्हणजे किंमत साठवणाऱ्या जागांची, नावे मराठीत ठेवता येतात. आमच्या प्रोग्राममध्ये ‘वजन’, ‘भाव’, ‘हमाली’ आणि ‘तोलाई’ हीच नावे आहेत, काना-मात्रेसह, आणि कंपाइलर ती विनातक्रार घेतो. मार्च २०२२ च्या अठराव्या आवृत्तीपासून संच सर्व फाइली यूटीएफ-८ या सर्व लिप्या मावणाऱ्या अक्षरसंचातच आहेत असे धरून चालतो, त्यामुळे नोटपॅडमध्ये लिहून जतन केलेली मराठी जशीच्या तशी वाचली जाते. फाइलचे नाव मात्र इंग्रजी अक्षरांतच ठेवावे.

भाचीने एके दिवशी काटापट्टीवरचे वजन किलोमध्ये, ‘७३५’ असे मराठी अंकांत, अवतरणचिन्हांमध्ये लिहिले आणि ते ‘पार्सइंट’ला, म्हणजे मजकुरातून पूर्णांक वाचणाऱ्या पद्धतीला, दिले. मला वाटले, चूक दाखवेल. पण उत्तर बरोबर आले. ती ओरडली, “मामा, हाई तं आपला आकडा वाचस!” खरोखर वाचतो. ही पद्धत यूनिकोडमधले सर्व दशमान अंक ओळखते, म्हणून मराठी सातशे पस्तीस तिला मराठीतच समजतो. पण लगेच पुढचा धडाही मिळाला. तेच वजन क्विंटलमध्ये ‘७.३५’ असे करून दशांश संख्या वाचणाऱ्या ‘पार्सडबल’ला दिले, तर त्याने ते नाकारले, तिथे फक्त इंग्रजी अंक चालतात. दशांश संख्या अचूक ठेवणाऱ्या ‘बिगडेसिमल’ला दिले, तर त्याने घेतले. आणि अवतरणचिन्हांशिवाय थेट कोडमध्ये मराठी सात लिहिला, तर कंपाइलरने तिथल्या तिथे अडवले. एकाच संचात एकाच अंकाला दोन दारे उघडी आणि दोन बंद, हे नवशिक्याला गोंधळात टाकते. तरीही या निमित्ताने मुले ‘बिगडेसिमल’कडे लवकर वळली याचा मला आनंद आहे, कारण पैशाचा हिशेब त्यातच करायचा असतो. ‘डबल’ या दशांश संख्येच्या दुसऱ्या प्रकारात ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३०००००००००००००००४ येते, हे मी त्यांना जेशेलमध्ये करून दाखवले. शेतकऱ्याच्या पट्टीत असे शेपूट लागलेले चालत नाही.

जेशेलबद्दल थोडक्यात सांगतो: २०१७ च्या नवव्या आवृत्तीपासून तो संचातच येतो, एक ओळ लिहिली की लगेच उत्तर देतो, आणि पहिल्या आठवड्यात त्याच्यासारखा गुरू नाही.

विंडोजच्या कमांड खिडकीत मराठी छापली की बहुधा प्रश्नचिन्हांची माळ दिसते. मुलांना हा जावाचा दोष वाटतो. दोष त्या खिडकीच्या जुन्या अक्षरसंचाचा असतो, कारण जावा छापताना त्या खिडकीचा अक्षरसंच विचारून घेतो. आधी ‘सीएचसीपी ६५००१’ ही आज्ञा दिली की प्रश्नचिन्हे जातात. तरीही जोडाक्षरे आणि वेलांट्या त्या खिडकीत नीट बसतीलच असे नाही. म्हणून मी दुसऱ्याच आठवड्यात मुलांना स्विंगची, म्हणजे जावाच्या खिडक्या बनवणाऱ्या साधनाची, छोटी खिडकी उघडायला शिकवले. स्विंग संचातच आहे, नवव्या आवृत्तीपासून त्यात अक्षरांची मांडणी हार्फबझ हे साधन करते, आणि फॉन्ट म्हणून ‘निर्मला यूआय’ सांगितला की ‘क्विंटल’ हा शब्द वर्तमानपत्रात छापल्यासारखा दिसतो. तो दिसला तेव्हा हमालांच्या मुलाने वडिलांना बोलावून पडदा दाखवला. वडिलांनी पट्टी वरपासून खालपर्यंत मोठ्याने वाचली आणि तोलाईचा आकडा चुकला आहे हे सांगितले. चुकला होताच.

गावांच्या नावांनी आणखी एक गाठ दाखवली. पट्टीतले रकाने सरळ यावेत म्हणून नावाची लांबी मोजली, तर ‘धुळे’ची लांबी चार आली आणि ‘एरंडोल’ची सहा. जावा इथे मात्रा, उकार आणि अनुस्वार वेगळे मोजतो, त्यामुळे रकाने वाकडे होतात. डोळ्यांना दिसणारी अक्षरे मोजायची असतील तर ‘ब्रेकइटरेटर’ वापरावा. त्याने धुळ्याची दोन अक्षरे बरोबर दिली. अशी साधने संचात आहेत, पण ती आहेत हे आधी माहीत असावे लागते.

तक्रारी दोन आहेत आणि दोन्ही मनापासूनच्या आहेत. पहिली लाखाची. १७ क्विंटल ६० किलो कापसाचे ७,११० च्या भावाने १,२५,१३६ रुपये होतात. जावाच्या नेहमीच्या ‘डेसिमलफॉरमॅट’मध्ये ही रक्कम १२५,१३६ अशीच छापली जाते. स्वल्पविरामांमधले अंतर तो एकच धरतो. शेवटी तीन आणि मग दोन-दोन ही आपली रीत त्याला सांगताच येत नाही. नमुन्यात दोन वेगळी अंतरे लिहिली तरी तो फक्त शेवटचे घेतो. बाहेरचे आयसीयू४जे हे ग्रंथालय, म्हणजे तयार कोडचा साठा, आणले तर हे जमते, पण पहिल्या महिन्यात बाहेरचे ग्रंथालय जोडायला लावणे मला योग्य वाटत नाही. इतक्या वर्षांच्या आणि इतक्या मोठ्या संचात लाख-कोटींना जागा नसावी, याचे वाईट वाटते.

दुसरी तक्रार चुकांच्या संदेशांची. कंपाइलरचे संदेश इंग्रजीखेरीज जपानी, चिनी आणि जर्मन भाषांत येतात, मराठीत येत नाहीत. विद्यार्थ्याची चूक एका अर्धविरामाची असते, पण तिची बातमी त्याला अशा भाषेत मिळते की तो चूक शोधण्याऐवजी वाक्याचा अर्थ शोधत बसतो. संदेश स्वतः वाईट नाहीत, उलट अलीकडे ते फार सुधारले आहेत. पंधराव्या आवृत्तीपासून रिकाम्या संदर्भाची, म्हणजे काहीच न साठवलेले चल वापरल्याची, चूक झाली की नेमके कोणते चल रिकामे होते ते नावानिशी सांगितले जाते, आणि आमच्याकडे त्या इंग्रजी वाक्यात मधोमध ‘भाव’ असा मराठी शब्द येतो. मुलांना तेवढ्या एका शब्दाने धागा सापडतो. मराठी नावे ठेवण्याचा हा फायदा मला आधी सुचला नव्हता.

यंत्राविषयी एक सूचना आवश्यक आहे. जेडीके २५ ला चौसष्ट बिटांचे यंत्र लागते. बत्तीस बिटांच्या विंडोजचा आधार चोविसाव्या आवृत्तीतच काढून टाकला आहे. एखाद्या शाळेत तशी जुनी यंत्रे असतील तर त्यांच्यासाठी टेमुरिनचा १७ क्रमांकाचा संच बत्तीस बिटांतही मिळतो. फक्त वर सांगितलेला छोटा पहिला धडा त्यावर चालणार नाही. आणि चार जीबी मेमरीच्या लॅपटॉपवर सुरुवातीलाच मोठा आयडीई, म्हणजे कोड लिहिण्याचे भारी सॉफ्टवेअर, चढवू नये. नोटपॅड आणि कमांडची खिडकी पहिले दोन महिने पुरेशी आहे.

लाखाचा प्रश्न भाचीनेच मार्गी लावला. शेवटचे तीन अंक वेगळे काढायचे आणि उरलेल्यांचे मागून दोन-दोनचे गट पाडायचे, एवढे करणारी नऊ ओळींची ‘लाखांत’ नावाची पद्धत तिने लिहिली, आणि आता पाचही जणांच्या पट्ट्या तिच्यातूनच छापल्या जातात. संदेशांसाठी ओसरीवर एक दोनशे पानी वही ठेवली आहे. जो संदेश कोणाला आला, तो त्याने तीत इंग्रजीत उतरवायचा आणि खाली मराठीत लिहायचा. ‘कॅनॉट फाइंड सिम्बॉल’खाली लिहिले आहे: “हे नाव तू अजून सांगितलेले नाहीस, किंवा काना-मात्रा चुकली आहे.” आजपर्यंत वहीत एकतीस संदेश झाले आहेत.