एक्सेलचं रोमन फंक्शन : कामाचं आहे, पण सॉर्ट जपून मारा

रोमन आकडे हल्ली लागतात कुणाला असं वाटत असेल तर एकदा डीटीपीवाल्याच्या शेजारी बसून बघा. शाळांच्या सर्टिफिकेटवर इयत्ता रोमनमध्ये, स्मरणिकेतल्या मनोगताची पानं रोमनमध्ये, आणि यादी मात्र येते साध्या आकड्यात. त्यामुळे एक्सेलमधली रोमन (साध्या आकड्याचं रोमन करणारं) आणि ॲरेबिक (रोमनचा साधा आकडा करणारं) ही दोन फंक्शनं मी रोज वापरतो, म्हणून हा रिव्ह्यू.

रोमन हे जुनंच आहे, बरोबरचं चिन्ह, रोमन आणि कंसात आकडा, झालं. १९९४ टाकलं की एम, सीएम, एक्ससी, आयव्ही असं सलग येतं. म्हणजे हजार, मग नऊशे (हजारातून शंभर कमी, म्हणून सी आधी आणि एम नंतर), मग नव्वद, मग चार. पाचवीत शिकवतात तेच, लहान अक्षर मोठ्याच्या आधी आलं की वजा आणि नंतर आलं की बेरीज. पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानांना स्मॉल अक्षरं हवी असतील तर बाहेरून लोअर फंक्शन लावायचं, तेही मस्त चालतं. मर्यादा ३९९९ ची, कारण एम तीनदाच लिहितात, चार हजाराला डोक्यावर आडवी रेघ द्यावी लागते आणि ती काय सेलमध्ये येत नाही. शून्य टाकलं तर सेल कोरा, रोमनांकडे शून्य नव्हतंच म्हणा.

रोमनच्या कंसात आकड्यानंतर दुसरा एक पर्याय देता येतो, ० ते ४, हा पर्यायाचा आकडा जितका मोठा तितकं रोमन आखूड. ४९९ ला नेहमीच्या पद्धतीत सीडी, एक्ससी, आयएक्स येतं, आणि ४ दिलं तर नुसतं आय आणि डी, पाचशेतून एक वजा! कुठल्याही स्कॉलरशिपच्या बाईंना दाखवा, लाल पेनाने काट मारतील, कारण आय फक्त व्ही आणि एक्सच्या आधीच येतो. हे कुणासाठी ठेवलंय देव जाणे. तो रकाना रिकामाच सोडा.

उलटं करायला ॲरेबिक, ते २०१३ च्या व्हर्जनपासून आलं. कॅपिटल, स्मॉल, मागेपुढे स्पेस काहीही असू दे, आकडा बरोबर देतं. फक्त टाइप करणाऱ्याने आयच्या जागी स्मॉल एल मारला असेल तर संपलं. दिसायला दोन्ही उभी रेघच, पण एल म्हणजे पन्नास, त्यामुळे चौथीची पोरगी थेट ५५ वीत! एरर पण येत नाही, कारण ५५ हा व्यवस्थित रोमन आकडा आहे. शाळेकडून आलेल्या यादीवर मी आधी ॲरेबिक लावतो आणि १० च्या वरचं काही दिसतंय का बघतो.

आणि सगळ्यात मोठा लोचा सॉर्टचा. रोमनमधून जे येतं ते एक्सेलच्या दृष्टीने अक्षरं, आकडा नाही. सॉर्ट मारलं की एबीसीडीप्रमाणे लागतं, म्हणजे आयएक्स हे व्हीच्या आधी, आणि अख्खी नववी चौथी-पाचवीच्या मधे जाऊन बसते. सर्टिफिकेटचे गठ्ठे त्याच क्रमाने छापून निघाले की वर्गवार लावायला संध्याकाळ जाते. म्हणून शेजारी ॲरेबिकचा एक कॉलम ठेवायचा आणि सॉर्ट त्याच्यावरच, छापताना तो हाईड.

माझ्याकडून पाचपैकी चार स्टार, एक त्या दुसऱ्या पर्यायाचा कापला. एक्सेल विकत घ्यायचं नसेल तर गूगल शीट्स आणि लिबर ऑफिसमध्ये पण ही दोन्ही फंक्शनं आहेत, फुकट. मोबाईलवर ते एकेक आकडा टाकून जाहिरात बघायला लावणारे कन्व्हर्टर असतात ना, दोनशे नावांच्या यादीला त्यांचा काही उपयोग नाही.