केंद्रीय डिजिटल संस्था की प्रत्येक मंत्रालयाचा स्वतंत्र आयटी विभाग?

विकसनशील देशात ई-शासनाची घडी बसवताना हा पेच हमखास पडतो. खर्चात केंद्रीय संस्था सरस: डेटा सेंटर, ओळख-पडताळणी, पेमेंट एकदाच उभारायचे. विभाग सुटे असले की तेच पुन्हा पुन्हा विकत घेतले जाते, वर नोंदी जुळत नाहीत. वेगात मात्र केंद्रीय संस्था मागे. साधा फॉर्म बदलायलाही रांग. खरी गोम अधिकारात आहे. खरेदीच्या मंजुरीत वाटा नसेल, तर खात्यांत समन्वय साधणारी संस्था नुसती पत्रे पाठवत बसते.

एस्टोनियाने २००१ मध्ये एक्स-रोड ही खात्यांना जोडणारी डेटा-देवाणघेवाण प्रणाली आणून मधली वाट काढली: डेटा ज्या-त्या खात्याकडेच, देवाणघेवाणीचे नियम एक.

तंत्रज्ञ मोजकेच असतील तर केंद्रीय संस्था घ्या. मंत्रालयांकडे चालत्या प्रणाली असतील तर विभाग राहू द्या, पण मानके आणि खरेदीची तपासणी एकाच हाती ठेवा.