तुळशीच्या लग्नानंतरचं कार्य: पंगत मांडायची की बुफे?

हॉल सहा महिने आधी ठरतो, शालू येतो, पत्रिकाही छापून होतात. मग दिवाळीचा फराळ संपता संपता घरची मंडळी जेवणाची यादी करायला बसतात आणि गाडी अडते. मुलाकडचे काही पाहुणे जैन. आत्याला मधुमेह. टोरांटोहून येणारी भाची वीगन, म्हणजे दूध-तूपही नाही. चुलतभावाच्या धाकट्याला शेंगदाणा चालत नाही. काकूंचा मार्गशीर्षातला गुरुवार. प्रत्येकासाठी एकेक पदार्थ वाढवत गेलं की यादी चाळिसावर जाते आणि केटररच्या चेहऱ्यावर हसू येतं.

आमच्या घरातल्या तीन लग्नांच्या याद्यांना मी बसलोय. एक निव्वळ पंगतीचं, एक निव्वळ बुफेचं, तिसरं दोन्हीची सांगड घातलेलं. त्यावरून माझं मत असं बनलंय की पदार्थ नंतर ठरवावेत, आधी वाढायचं कसं ते ठरवावं. पथ्याचं जेवण आचारी नीट करून देतात. ते बिघडतं बहुधा वाढताना, एकाच्या डावाने दुसऱ्याच्या पातेल्यात.

आधी कालनिर्णय उघडा

तुळशीच्या लग्नापासून पुढचे दोन महिने हंगाम चांगला, पण तिथींची गर्दीही तेव्हाच. एकादशीला धान्य न खाणारे पाहुणे असतात, संकष्टीला चंद्रोदयापर्यंत थांबणारे असतात. मार्गशीर्षातल्या गुरुवारी निम्म्या बायका दिवसभर उपाशी असतात आणि रात्री नैवेद्याचं जेवतात. म्हणून गुरुवारचा दुपारचा मुहूर्त धरलात तर उपवासाचं पान 'आयत्या वेळी बघू' म्हणून चालत नाही.

एक बारीक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही, ती वांग्याची. चातुर्मासात सोडलेलं वांगं काही घरांत कार्तिकीनंतर लगेच सुरू होतं, पण ज्यांच्याकडे खंडोबाचं नवरात्र असतं ते चंपाषष्ठीला भरीत-भाकरीचा नैवेद्य दाखवून मगच खातात. चंपाषष्ठी म्हणजे मार्गशीर्ष शुद्ध षष्ठी. त्याआधीचा मुहूर्त असेल तर भरली वांगी यादीत घालण्यापूर्वी व्याह्यांना एक फोन करा.

पंगत कुठे जिंकते

पंगतीत माणूस बसलेला असतो आणि अन्न त्याच्याकडे येतं. यातच अर्धं काम होतं. कोणत्या पानावर कोण बसलंय हे ठाऊक असलं की वाढप्याला सांगता येतं, 'या तीन पानांवर कोशिंबीर नको, त्यात दाण्याचं कूट आहे.' वाढायचा डाव पाहुण्याच्या हातात नसतो, त्यामुळे पनीरच्या रश्श्यातला चमचा वरणात जात नाही. सिलिअॅकचा आजार असलेल्या माणसाला गव्हाचा अगदी थोडा अंशही त्रास देतो. त्याच्यासाठी हा फरक मोठा आहे.

शिवाय पारंपरिक पानाची रचनाच मोठी सोयीची आहे. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे, भाज्या उजवीकडे, मध्ये भात. सगळं वेगवेगळं, थोडं थोडं. ज्याला जे नको ते तो बाजूला ठेवू शकतो, आणि तरीही पान भरलेलं दिसतं. बुफेत जैन पाहुणा एका कोपऱ्यात दोन वाट्या घेऊन उभा राहतो ते बघवत नाही.

पण पंगतीचे दोन दोष आहेत आणि दोन्ही मधुमेहाच्या माणसाला नडतात. पहिला आग्रह. 'एक जिलेबी, माझ्या हातची' म्हटल्यावर आत्या नाही म्हणू शकत नाही. दुसरा वेळ. हिशोब मांडून बघा: 300 पाहुणे, एका वेळी 100 पानं, एका पंगतीला बसणं-जेवणं-उठणं-आवरणं धरून 50 मिनिटं. साडेबाराला पहिली पंगत बसली तर तिसरी बसेपर्यंत सव्वादोन होतात, आणि मुहूर्त लांबला तर तीन. सकाळी इन्सुलिन किंवा गोळी घेतलेल्या माणसाने तीनपर्यंत थांबणं धोक्याचं, साखर एकदम उतरते. आमच्याकडे एका मामांना असंच गरगरलं होतं. पेढ्यावर निभावलं. तेव्हापासून अशा माणसांची नावं पहिल्या पंगतीत, कितीही मानाचे पाहुणे मागे राहिले तरी.

बुफे कुठे जिंकतो

वेळ. हाच त्याचा सगळ्यात मोठा गुण. ज्याला बारा वाजता जेवायचंय तो बारा वाजता जेवतो. दुसरं, आग्रह नाही. तिसरं, पदार्थांची निवड मोठी ठेवता येते, त्यामुळे प्रत्येकाला काहीतरी मिळतंच.

'काहीतरी मिळतंच' यातच मेख आहे. वीगन भाचीला बुफेत काय मिळालं? भाताला तूप, पोळीला तूप, पालकात क्रीम, मिठाई खव्याची. शेवटी सलाड आणि तळलेले पापड. त्यातही पापडाच्या शेजारी कुरडई तळलेली, आणि कुरडई असते गव्हाची. तिच्या बाजूला उभा असलेला, गहू न चालणारा पाहुणा ते दोन्ही निर्धास्त खात होता. टेबलावर नुसती 'पापड' अशी पाटी होती.

बुफेची जबाबदारी पाट्यांवर असते आणि पाट्या लिहितो डेकोरेशनवाला. तो 'पनीर लबाबदार' लिहितो. त्यात काजूची पेस्ट आहे हे लिहित नाही. तुम्ही बुफे निवडलात तर पाट्यांचा मजकूर घरातल्या माणसाने आचाऱ्याशी बोलून लिहावा: कांदा-लसूण आहे की नाही, दाणे-काजू, दूध-तूप, गहू. चार खुणा पुरतात.

आणखी एक, अन्न गरम राहण्याचं. शिजलेलं अन्न 60 अंश सेल्सियसच्या वर राहिलं पाहिजे आणि साध्या तापमानाला दोन तासांपेक्षा जास्त उघडं ठेवू नये, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनांतही आहे. कार्यालयात बुफे साडेबारा ते साडेतीन उघडा असतो. खालची मेणबत्ती किंवा जेल विझलेलं कुणी बघत नाही. जैन काउंटरवरचं सगळ्यात आधी गार होतं, कारण तिथे उचल कमी.

ज्यांना घाईत बघायचंय त्यांच्यासाठी:

| पाहुणा | पंगत | बुफे |
|---|---|---|
| जैन | चांगली, पण दिवसाउजेडी | वेगळं काउंटर, सुरुवातीलाच |
| मधुमेह | फक्त पहिली पंगत | अधिक सोयीचा |
| गहू अजिबात नको | सुरक्षित | चमचे आणि तळणाचं तेल बघा |
| शेंगदाणा किंवा काजूची अॅलर्जी | सुरक्षित, वाढप्याला माहीत असेल तर | धोक्याचा |
| वीगन | आधी सांगितलं तर उत्तम | बहुतेक वेळा उपाशी |
| उपवास | वेगळं पान सोपं | बहुधा विसरलं जातं |
| गुडघे दुखणारे | टेबल-खुर्चीवर | ताट धरून उभं राहणं |

पदार्थांबद्दल, जिथे खरी गंमत आहे

वेगवेगळ्या आहारांसाठी वेगवेगळी काउंटरं लावण्यापेक्षा मुळात सगळ्यांना चालतील असे सहा-सात पदार्थ यादीच्या मध्यभागी ठेवले तर निम्मे प्रश्न सुटतात. मराठी स्वयंपाकात असे पदार्थ भरपूर आहेत, फक्त त्यांच्यातली एखादी वस्तू बदलावी लागते.

तोंडली-मटार घातलेला मसालेभात घ्या. गोडा मसाला, वर खोबरं-कोथिंबीर. बटाटा घातला नाही तर जैनांना चालतो, साजूक तूप वाढताना वरून दिलं तर वीगनलाही, आणि फोडणीतला हिंग सोडला तर गव्हाचा प्रश्नच नाही. मात्र आचारी कोल्हापूर-साताऱ्याकडचा असेल तर त्याच्या हाताला कांदा-लसूण मसाल्याची सवय असते, आधी विचारा. तांदूळही विचारा. कार्तिकात नवा आंबेमोहोर, इंद्रायणी बाजारात आलेला असतो, वास घमघमीत, पण नवा तांदूळ चिकट होतो. 300 जणांचा मसालेभात जुन्या तांदळाचाच करावा, नव्याचं कौतुक घरी वरण-भाताला.

अळूचं फदफदंही असंच. आंबट चुका, चण्याची डाळ, चिंच-गूळ. मुळा गाळला आणि दाणे वगळून नुसतं ओलं खोबरं घातलं की जैन, वीगन, दाण्याची अॅलर्जी, सगळे एका पातेल्यात बसतात. काही जैन पाहुणे पालेभाजी तिथी बघून खातात, तेवढं विचारावं. गूळ मात्र पुणेरी हाताने पडू देऊ नका, आत्याला तीच भाजी खायची आहे.

हिंग हा सगळ्यात छुपा. बाजारातल्या बऱ्याच बांधानी हिंगात गव्हाचं पीठ किंवा मैदा मिसळलेला असतो. म्हणजे ज्या आमटीत गव्हाचा लवलेश नाही असं आपण छातीठोक सांगतो, तिच्या फोडणीतच तो असतो. डबीवरचे घटक वाचावेत. तांदळाच्या पिठाचा हिंग मिळतो, एक डबी आपण नेऊन दिली तरी चालते. तसंच भाकरीचं. ज्वारी-बाजरी गव्हाशिवायची आहे, पण गिरणीत आधी गहू दळलेला असेल तर पीठ तसं राहत नाही. 2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झाल्यापासून गरम भाकरीचा काउंटर जवळपास प्रत्येक लग्नात दिसतो, आणि थंडीच्या दिवसांत बाजरीच्या भाकरीला रांगही लागते. भाकरी थापणाऱ्या ताईंच्या हाताखाली पोळ्यांचं पीठ नसेल एवढं बघा.

पेयांत मठ्ठा की सोलकढी? मठ्ठ्यात ताक, म्हणून वीगन बाद, आणि आलं असतं म्हणून जैनही बाद. सोलकढी नारळाच्या दुधाची, पण लसूण ठेचून घालायची पद्धत आहे. बिनलसणाची सोलकढी दोघांनाही चालते. मी सोलकढीच्या बाजूने. जिलेबीबरोबर मठ्ठा हवाच म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, त्यांच्यासाठी एक पातेलं वेगळं.

गोडात या दिवसांत सगळे गाजर हलव्याकडे धावतात. गाजर कंद म्हणून जैनांना नाही, दूध-खवा म्हणून वीगनला नाही, साखर म्हणून आत्याला नाही. सीताफळ बासुंदी हंगामाला धरून आहे आणि गर फुकट जात नाही, पण सीताफळाचा गर शिजवला की कडवट होतो. बासुंदी गार झाल्यावरच घालतात, त्यामुळे मोठ्या प्रमाणात हे काम भरवशाच्या आचाऱ्याकडेच द्यावं. सगळ्यांत जास्त पानांवर बसणारा गोड पदार्थ साधाच आहे: तेलात तळलेल्या शुद्ध बेसनाच्या बुंदीचा लाडू. दूध नाही, तूप नाही, मैदा नाही, कंद नाही. बुंदीचा घाणा पुऱ्यांच्या आधी काढायचा, म्हणजे तेलातून गहू येत नाही. आणि मधुमेहाच्या मंडळींसाठी लाडवाला पर्याय म्हणून बिनसाखरेची बर्फी ठेवू नका, ती कुणाला आवडत नाही. पेरूच्या फोडी, वर मीठ-तिखट. नोव्हेंबरचा पेरू कुठल्याही बर्फीला हरवतो.

उपवासाच्या पानात साबुदाण्याची खिचडी आणि दाण्याची आमटी, दोन्हीत शेंगदाणा. उपवासवाले आणि दाण्याची अॅलर्जीवाले एका टेबलावर बसवू नयेत, एवढंच.

मांसाहाराचा प्रश्न मी लग्नाच्या जेवणात घेतच नाही. आगरी-कोळी घरांत हळदीच्या रात्रीचा बेत वेगळाच असतो आणि तिथे तो शोभतो. मार्गशीर्षात अनेक घरं महिनाभर मांसाहार करत नाहीत, त्यामुळे लग्नातल्या चिकन काउंटरचं निम्मं उरलेलं मी पाहिलंय.

मग घ्यायचं काय?

पाहुणे दीडशेच्या आत असतील आणि मुहूर्त सकाळचा असेल तर सरळ पंगत. दोन पंगतींत सगळं उरकतं. पाचशेच्या वर असतील तर बुफेला पर्याय नाही. मग जैन काउंटर दाराजवळ, सगळ्यात पहिला, आणि त्याचे डाव-चमचे वेगळ्या रंगाचे.

रात्रीचं रिसेप्शन असेल तर जैन पाहुण्यांचा विचार निराळा. चौविहार पाळणारे सूर्यास्तानंतर जेवत नाहीत, आणि नोव्हेंबरअखेर पुण्या-नाशकात सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो. साडेसातला उघडणारा जैन काउंटर त्यांच्या कामाचा नाही. पाच वाजता त्यांचं जेवण वाढलं गेलं पाहिजे, चहाच्या नावाखाली का होईना.

मधल्या आकड्यांसाठी, म्हणजे दोनशे ते चारशे, आम्ही तिसऱ्या लग्नात केलं ते मला सगळ्यात पटलं. सर्वांना बुफे, फक्त बारा-पंधराच पदार्थांचा, आणि एका बाजूला टेबल-खुर्चीवर चाळीस पानांची एक पंगत. तिथे व्याही, म्हातारी माणसं, उपवासवाले, अॅलर्जीवाले, गहू न चालणारे, सकाळी गोळी घेतलेले. प्रत्येक पानाजवळ छोटी चिठ्ठी: 'दाणे नकोत', 'तूप नको', 'जैन'. दोन वाढपी कायमचे तिथेच. पथ्याची माणसं मानाच्या जागी बसली, त्यामुळे कुणाला आपण वेगळे पडलो असं वाटलं नाही. उलट दोन धडधाकट काका तिथे जागा मिळावी म्हणून गुडघेदुखी सांगत आले.

चिठ्ठ्या लिहायच्या तर माहिती हवी, आणि ती मिळवणं सगळ्यात अवघड. 'तुमचं काही पथ्य आहे का?' विचारलं की मराठी माणूस 'छे छे, काहीही चालेल' म्हणतो आणि मग पानावर बसून नुसता भात कालवतो. व्हॉट्सअॅपवरचा फॉर्म तरुणांनी भरला, बाकीच्यांनी अंगठा दाखवला. म्हणून आम्ही फोनवर तीन नेमके प्रश्न विचारले: त्या दिवशी उपवास आहे का, कांदा-लसूण-बटाटा चालतो का, कुठल्या पदार्थाने कधी त्रास झालाय का. हे काम मावशीकडे दिलं होतं. तिला गोतावळ्यातला प्रत्येक चेहरा आणि त्या चेहऱ्यामागचं दुखणं, दोन्ही पाठ.