मार्केट यार्डाच्या गल्लीतलं ‘गेम सेंटर’ : पाचपैकी एक तारा

चित्रांवर पैसे लावायच्या या दुकानाच्या सेवेत खोट काढायला जागा नाही, हे आधीच सांगते. सकाळी नऊच्या आत शटर वर, रात्री साडेनऊपर्यंत चालू. डोक्यावर पंखे, गार पाण्याचा जार, प्लास्टिकच्या खुर्च्या, समोर दोन मोठे स्क्रीन. काउंटरवरची पोरं आदबीने बोलतात, सुट्ट्या पैशांसाठी कुणाला अडवत नाहीत. चित्र लागलं की पैसे तिथल्या तिथे हातावर. हमाल, टेम्पोवाला, गाळ्यावरचा पोऱ्या, सगळ्यांना सारखंच ‘या दादा, बसा’. दिवसभर ‘ए, बाजूला हो’ ऐकणाऱ्या माणसाला असं कुणी बसवून घेतलं, तर तो तिथे परत जाणारच.

मी याच गल्लीत मेस चालवते. दोन वेळचं जेवण, महिन्याला ३,२०० रुपये. त्या दुकानातल्या पोरांचा दुपारचा डबाही माझ्याकडूनच जातो, म्हणून आतलं सगळं पाहिलेलं आहे. दुकान माझ्या चार शटर आधी लागतं. म्हणजे यार्डाच्या गेटातून मजुरी घेऊन निघालेला माणूस आधी त्यांच्या दारावरून जातो, मग माझ्या, आणि बसस्टॉप त्याच्याही पुढे. पैसा खिशात आल्यापासून घरी पोचेपर्यंतच्या वाटेत हे दुकान बसलंय. मालकाने जागा विचार करून घेतली आहे.

खेळ असा. स्क्रीनवर दहा चित्रं : छत्री, पतंग, कमळ, कबुतर वगैरे. एका चित्राला ११ रुपये. दर पंधरा मिनिटांनी एक चित्र निघतं. तुमचं निघालं तर १०० रुपये. शेजारचं निघालं की ‘थोडक्यात गेलं’ म्हणत माणूस पुढच्या फेरीला थांबतो. भिंतीवर मागच्या निकालांचा चार्ट लावलेला असतो. त्यात डोकं घालून बसलेले मी रोज पाहते. जणू कालच्या छत्रीला आजच्या पतंगाचं काही माहीत असतं.

रोजचा हिशेब लिहिणारी बाई म्हणून मी एकदा कागदावर मांडून पाहिलं. दहाही चित्रं घ्या, म्हणजे हरायचा प्रश्नच नाही. ११० रुपये गेले, १०० आले. सगळ्या फेऱ्या जिंकूनही दर वेळी दहा रुपये दुकानाचे. आता कुणी ५०० रुपये घेऊन बसला आणि जे मिळेल ते पुन्हा लावत राहिला, तर दहा फेऱ्यांनंतर, म्हणजे अडीच तासांत, सरासरीने त्याच्याकडे दोनशेसुद्धा उरत नाहीत. एखादा हजार घेऊन उठतोही. त्याची गोष्ट यार्डभर होते. उरलेल्यांची होत नाही.

हा भाव जुन्या मटक्याचाच आहे. सिंगल आकड्याला रुपयाला नऊ, दहात एक लागणार. पूर्वी मुंबईत न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावावर आकडा लावायचे, त्यातून हे सगळं वाढलं. पण मटक्यात ओपन आणि क्लोज असे दोनच निकाल, मध्ये माणसाला घरी जावं लागायचं, कामाला जावं लागायचं. राज्य लॉटरी १९६९ पासून आहे. तिचं तिकीट घेतलं की सोडतीची वाट पाहायची. पुतणी वकिलीला आहे, तिने मला १९९८ चा लॉटरी कायदा वाचून दाखवला. एका लॉटरीची आठवड्यात एकापेक्षा जास्त सोडत काढता येत नाही, आणि एकेरी आकड्यावर बक्षीस देता येत नाही. म्हणजे कायदा करणाऱ्यांना कळत होतं की धोका कुठे आहे. मधली वाट पाहणं हाच माणसाला मिळणारा श्वास असतो. या दुकानाने तो काढून घेतलाय. तासाला चार निकाल. आणि पाटीवर ‘लॉटरी’ नाही, ‘गेम’ लिहिलंय.

याचा परिणाम कुठे दिसतो? दुकानात नाही. माझ्या वहीत दिसतो.

न जेवलेल्या दिवसांचे खाडे आम्ही पुढच्या महिन्यात वळते करतो. इंदापूरकडचा एक पोरगा, कांद्याच्या गाळ्यावर कामाला, खाड्याचे पैसे रोख मागायला लागला. मग दोन वेळचं एक वेळचं केलं. मग ‘शनिवारी देतो, ताई’. हातातला टचचा फोन जाऊन बटणांचा आला. एक दिवस त्याच्या आईचा मला फोन. म्हणाली, ‘पोरगं पैसे पाठवत नाही, मेस फार महाग झाली म्हणतं, थोडं कमी नाही का होणार?’ काय सांगू मी त्या बाईला? तिला वाटत होतं, पोरगा पोटभर जेवतोय म्हणून घरी पैसे येत नाहीत. तो एक वेळ जेवत होता.

गल्लीतल्या बायकांची भिशी आहे. एकीचा नंबर लागला. तिने ती रक्कम गहाण टाकलेलं कानातलं सोडवायला ठेवली होती. नवऱ्याने ती दोन दिवसांत तिथे घातली. तो रिक्षा चालवतो, दारूला शिवत नाही, शेजारीपाजारी चांगला माणूस. म्हणूनच कुणाला संशय आला नाही. जुगाराचा वास येत नाही, तोल जात नाही. त्या बाईने नंतर भिशीचे पुढचे हप्ते कसेबसे भरले आणि भिशी सोडली. आता ती आमच्यात बसतही नाही. पैसे भरून निघतील एक वेळ, पण तिचं ते खाली मान घालून जाणं मला बघवत नाही.

फोनवरचं वेगळं. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद केले, मग त्याला कौशल्य म्हणा की नशीब. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, ते मला पटतं. त्याआधी २०२३ मध्ये पिंपरी-चिंचवडच्या एका पोलीस उपनिरीक्षकाला क्रिकेटच्या ॲपवर दीड कोटी लागले होते आणि तो निलंबित झाला होता. माझ्या पंगतीत पोरांच्या तोंडी फक्त दीड कोटी होते. ॲप बंद झाल्यावर त्यातली काही सुटली, काही या खुर्च्यांवर येऊन बसली.

काउंटरवरच्या पोरांना डबा देताना मी विचारलं, तुम्ही खेळता का? मालकाची सक्त ताकीद आहे म्हणाली, एक रुपयाही लावायचा नाही. दुकानाबद्दल याहून खरा अभिप्राय मला तरी देता येणार नाही.

घरातलं कुणी यात अडकलं असेल तर त्याचे पैसे लपवण्यात किंवा शपथा घालण्यात दिवस घालवू नका. त्याची उसनवारी घरच्यांनी फेडली की तो मोकळा होऊन परत बसतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. जुगाराची ओढ हा आजार म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत आहे. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या नंबरवर फोन करा, फुकट आहे, चोवीस तास चालतो. खेळणाऱ्यानेच करायला हवा असं नाही, बायकोने केला, आईने केला तरी चालतो.

मी खाडे रोख देणं बंद केलंय. टोळीच्या मुकादमांशी बोलणं चाललंय, रोजची मजुरी हातात देण्याऐवजी खात्यावर टाकता येईल का ते. दुकान बंद व्हावं म्हणून गल्लीतल्या दुकानदारांनी सह्या करून पोलीस चौकीत अर्ज दिलाय, पोच माझ्याकडे आहे. दुसऱ्या अर्जाला अजून सह्या हव्यात. दुपारी चारनंतर मेस रिकामी असते, तेव्हा या.