वर्षाच्या मध्येच परदेशी गेलेल्या मुलीचे विवरणपत्र: ऑनलाइन कर-सेवेचा आठ महिन्यांचा अनुभव

माझी मुलगी पुण्यातील नोकरी सोडून १२ नोव्हेंबर २०२४ रोजी म्युनिकला गेली आणि २०२४-२५ या आर्थिक वर्षाचे तिचे विवरणपत्र भरण्याचे काम, आधारशी जोडलेल्या तिच्या जुन्या सिमकार्डासह, जुळे सोलापुरात माझ्याकडे आले. त्यासाठी गेल्या जूनमध्ये एका ऑनलाइन कर-सेवेचे शुल्क भरले. सेवेचे नाव मुद्दाम देत नाही.

फॉर्म १६ (मालक देतो तो पगार व करकपातीचा दाखला) चढवताच पुण्याच्या पगाराचे आकडे बिनचूक उतरले, आणि प्राप्तिकर विभागाच्या वार्षिक माहितीपत्रकातील मुदतठेवीचे व्याज आम्ही विसरलो होतो, तेही सेवेने दाखवून दिले. इथवर तक्रार नाही.

पहिल्याच पानावर ‘आपण सध्या भारतात राहता का?’ असा प्रश्न होता. आम्ही ‘नाही’ म्हटले, आणि सेवेने मुलीला अनिवासी ठरवून जर्मनीचा पगार हिशेबातून वगळला व चांगला घसघशीत परतावा दाखवला. मुलगी खूश झाली. माझी नोकरी लेखा विभागात गेली असल्याने असा आकडा पाहिला की आधी शंका येते. कायदा आज तुम्ही कुठे आहात हे विचारत नाही; १ एप्रिल ते ३१ मार्च या काळात भारतात किती दिवस होता, एवढेच विचारतो. नोकरीसाठी देशाबाहेर जाणाऱ्या भारतीय नागरिकासाठी ही मर्यादा १८२ दिवसांची आहे. भिंतीवरून उतरवलेले जुने कालनिर्णय घेऊन बसलो: ऑक्टोबरअखेर २१४ दिवस, नोव्हेंबरचे १२, एकूण २२६. पासपोर्टवरचा शिक्काही त्याच तारखेचा. ती २८ सप्टेंबरपर्यंत गेली असती तर अनिवासी ठरली असती. नोव्हेंबरमध्ये गेल्यामुळे त्या वर्षापुरती निवासीच, आणि म्हणून डिसेंबर ते मार्च या चार महिन्यांचा जर्मन पगारही इथे दाखवणे भाग होते. मदत-कक्षाने मला दोनदा ‘परदेशात असाल तर एनआरआयच’ असे उत्तर दिले. तिसऱ्यांदा एका वरिष्ठ सल्लागारांनी माझी मोजणी मान्य केली, पण परकीय उत्पन्नासाठी वरच्या दराची योजना घ्यावी लागेल, असेही त्याच दमात सांगितले.

ती घेतल्यावर खरी कसरत सुरू झाली. जर्मनीचे करवर्ष जानेवारी ते डिसेंबर. त्यामुळे तिथल्या मालकाने दिलेल्या २०२४ च्या दाखल्यात फक्त डिसेंबरचा पगार होता आणि उरलेल्या तीन महिन्यांसाठी पगारपत्रके जोडावी लागली. सेवेने सगळ्या रकमेला ३१ मार्चचा एकच विनिमय दर लावला होता. नियमानुसार मात्र पगार ज्या महिन्यात देय झाला त्याच्या आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवसाचा, स्टेट बँकेचा तार-हस्तांतरण खरेदी दर, म्हणजे बँक ज्या दराने परकीय चलन विकत घेते तो, धरायचा असतो. चार महिन्यांचे चार दर मी वहीत मांडून पाठवले. शिवाय पगारातून कापलेले पेन्शन आणि आरोग्यविम्याचे हप्तेही सेवेने ‘कर’ म्हणून धरले होते, तेही वेगळे करायला लावले. दुहेरी करातून सुटका मिळते ती प्रत्यक्ष भरलेल्या प्राप्तिकरापुरती आणि त्या उत्पन्नावरील भारतीय कराच्या मर्यादेतच, आणि त्यासाठी फॉर्म ६७ स्वतंत्रपणे भरावा लागतो.

म्युनिकच्या बँक खात्याबद्दल सेवेने एकदाही विचारले नाही, ही मला सर्वांत गंभीर उणीव वाटते. परदेशी मालमत्तेच्या परिशिष्टात ३१ डिसेंबरला संपणारे कॅलेंडर वर्ष धरतात, त्यामुळे नोव्हेंबरअखेर उघडलेले ते खाते दाखवणे बंधनकारकच होते. २० लाखांपर्यंतच्या जंगम मालमत्तेला १० लाखांच्या दंडातून ऑक्टोबर २०२४ पासून सवलत मिळाली असली, तरी माहिती देण्याची जबाबदारी सुटलेली नाही. याच कारणामुळे सोपा आयटीआर-१ आमच्या उपयोगाचा नव्हता. आयटीआर-२ भरावा लागला.

विवरणपत्र सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात दाखल झाले. ई-पडताळणीचा ओटीपी शोकेसमधल्या जुन्या फोनवर येणार, मुलगी साडेतीन तास मागे असलेल्या म्युनिकमध्ये कार्यालयात, आणि पहिल्या खेपेस माझ्या पत्नीच्या हाताला चष्मा सापडेपर्यंत ओटीपीची मुदत संपली. दुसऱ्या खेपेस मीच आकडे मोठ्याने वाचले.

पाचपैकी तीन तारे देतो. ज्याचे सगळे उत्पन्न भारतातच आहे, त्याला ही सेवा पुरेशी आहे. ज्याने वर्षाच्या मध्ये देश सोडला आहे, त्याने पैसे भरण्यापूर्वी दिवस स्वतः मोजावेत आणि परकीय उत्पन्नाची योजना किती रुपयांची आहे हे आधी लेखी विचारून घ्यावे. २०२५-२६ मध्ये मुलगी इथे वीसच दिवस होती, म्हणजे यंदा ती खरोखरच अनिवासी आहे आणि तिचा जर्मन पगार इथे दाखवायचा नाही. सेवेचा सवलतीचा संदेश येऊन पडला आहे, पण यंदा मी पोर्टलवर स्वतःच भरणार आहे. इथले बचत खाते एनआरओ, म्हणजे अनिवासींसाठीच्या प्रकारचे, करण्याचा अर्ज तिने सही करून पाठवला आहे, आणि जुन्या सिमचे रिचार्ज मी जुलैपर्यंत करून ठेवले आहे.