औसा रोडवरचे दोन माठ आणि गार होण्याचा हिशेब

लातूरमध्ये औसा रोडच्या कडेला दर उन्हाळ्यात माठांचा एक मांडव लागतो. तिथून यंदा मी दोन माठ घेतले. एक साधा तांबडा, दहा लिटरचा, २२० रुपयांना. दुसरा तेवढ्याच मापाचा, पण बाहेरून चकचकीत रंगवलेला, नक्षीचा आणि तोटी बसवलेला, ४५० रुपयांना. ‘सर, दोन घंट्यात गार व्हतंय बघा पाणी,’ असे विकणाऱ्या मावशींनी दोन्हींबद्दल सारख्याच खात्रीने सांगितले. सगळी नोकरी पदार्थविज्ञान शिकवण्यात झाल्यामुळे हे बोलणे नुसते ऐकून घेणे मला जमले नाही आणि मे महिन्यातले चार दिवस मी तापमापक घेऊन या माठांपाशी काढले.

आधी साध्या माठाविषयी. मावशींच्या सांगण्याप्रमाणे तो तीन दिवस भरून, ओतून मुरवला आणि मग खिडकीपाशी तिवईवर ठेवला. खोलीचे तापमान ३८ अंश होते आणि टाकीतून आलेले पाणी ३७ अंश. दोन तासांनी पाणी ३१ अंशांवर आले, चार तासांनी २८ वर, सहा तासांनी साडेसव्वीसवर, आणि त्यानंतर ते हळूहळू २५ च्या आसपास येऊन थांबले. म्हणजे शेवटच्या तापमानापासूनचे अंतर दर दोन तासांनी जवळजवळ निम्मे होत गेले: १२, ६, ३, दीड. गार होण्याचा वेग उरलेल्या फरकाच्या प्रमाणात असतो, हा न्यूटन यांचा १७०१ सालचा नियम इतक्या स्वच्छपणे घरातल्या माठात दिसेल असे मलाही वाटले नव्हते. मावशींचे दोन तास त्यामुळे अर्धे खरे निघाले, आणि तेही शब्दशः. पिताना समाधान वाटावे असे पाणी मिळायला सहा तास लागतात.

पाणी २५ च्या खाली का जात नाही, याचे उत्तर माठात नसून हवेत आहे. तापमापकाच्या टोकाला ओले फडके गुंडाळून पंख्यासमोर धरले, तेव्हा पारा २२ अंशांवर थांबला. त्या दिवशीच्या कोरड्या हवेत नुसत्या बाष्पीभवनाने पोहोचता येईल अशी ती तळमर्यादा होय, आणि माठ तिच्यापासून तीनच अंश वर राहिला. कोणताही माठ, कितीही महाग असला तरी, ही मर्यादा ओलांडू शकत नाही. ‘फ्रिजसारखे गार’ असे कोणी सांगितले तर पैसे काढू नयेत. पावसाळ्यात हवा दमट झाली की ही मर्यादाच वर सरकते, म्हणून जुलैमध्ये हाच माठ निरुपयोगी वाटू लागेल. तो त्याचा दोष मानू नये.

या गारव्यासाठी पाणी किती खर्च होते, हा लातूरकरांना पडणारा प्रश्न मलाही पडला, कारण २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या गावात तो टाळता येत नाही. एक किलो पाण्याची वाफ होताना सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता शोषली जाते, त्यामुळे दहा लिटर पाणी १२ अंशांनी गार करायला साधारण २१० मिलिलिटर पाणी उडून जाणे पुरेसे ठरते. पुढे ते गारच राहावे म्हणून दिवसभर आणखी पाणी झिरपून उडते. वजन करून पाहिले तेव्हा चोवीस तासांत एकूण सुमारे एक लिटर कमी झालेले आढळले. कूलर तेवढे पाणी कितीतरी लवकर पिऊन टाकतो.

रंगवलेल्या माठाने मात्र निराशा केली. त्याच खिडकीपाशी, तशाच हवेत, सहा तासांनंतरही पाणी ३१ अंशांवरच होते. रंगाने मातीची छिद्रे बुजली की पाणी बाहेर पाझरत नाही, आणि पाझरलेच नाही तर उडणार काय? बाहेरून हात फिरवला तर साधा माठ ओलसर लागतो, हा कोरडा ठणठणीत. वर तोटी पहिल्याच दिवसापासून ठिबकत आहे. मांडवात विचारले तर ‘थोडं शिमिट लावा’ एवढेच उत्तर मिळाले. ४५० रुपये घेतल्यावर ते काम त्यांनीच करून द्यायला हवे होते.

जागेचा फरक माठाइतकाच महत्त्वाचा आहे. साधा माठ स्वयंपाकघराच्या बंद कोपऱ्यात ठेवला, तर सहा तासांनी पाणी २९ अंशांवर होते. न्यूटन यांनीही तापवलेले लोखंड संथ हवेत नव्हे, तर एकसारख्या वाहत्या वाऱ्यात ठेवले होते. मोठा माठ घ्यावा का, असे शेजारच्या काकूंनी विचारले. पाणी घनफळाने वाढते आणि ओला पृष्ठभाग त्या मानाने कमी वाढतो, म्हणून वीस लिटरच्या माठाला गार व्हायला दुप्पट नव्हे, पण सुमारे सव्वापट वेळ लागेल. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये निसर्गशास्त्रज्ञ ब्यूफाँ यांनी लहानमोठे लोखंडी गोळे तापवून त्यांच्या गार होण्याचे वेळ असेच मोजले होते आणि त्यावरून पृथ्वीचे वय सुमारे ७५ हजार वर्षे काढले होते. वय साफ चुकले, पण मोठ्या गोळ्याला जास्त वेळ लागतो हे निरीक्षण बरोबर होते.

बोअरचे पाणी भरणाऱ्यांनी एक काळजी घ्यावी: क्षारांची पांढरी खपली बाहेर धरू लागली की ती नारळाच्या शेंडीने घासून काढावी, साबण लावू नये.

माझ्या मोजणीतून सर्वांत उपयोगी ठरली ती भरण्याची वेळ. अर्धा रिकामा झालेला माठ दुपारी टाकीच्या पाण्याने भरला की २५ अंशांचे पाणी पुन्हा ३१ वर जाते आणि चार तासांची कमाई एका तांब्यासरशी बुडते. म्हणून माठ रात्री भरावा आणि दिवसा त्यात भर घालू नये. आमच्या घरी दहा लिटर संध्याकाळपर्यंत पुरत नाहीत, त्यामुळे गेल्या आठवड्यात त्याच मांडवातून आणखी एक साधा तांबडा माठ आणला. या वेळी त्याचे २४० रुपये पडले आणि मी घासाघीस केली नाही.