स्थानकाच्या स्टँडवर सायकल आणि यू-लॉक : दिवाळीपासून पावसाळ्यापर्यंतचा अनुभव

भुसावळला अप-डाउन करणाऱ्या माझ्यासारख्या पासधारकाची सायकल सकाळच्या गाडीपासून संध्याकाळच्या गाडीपर्यंत स्थानकाबाहेर उभी असते. जळगाव जिल्ह्यातील आमचे स्थानक लहान आहे. पत्र्याची शेड, महिन्याची पावती आणि देखरेखीला एक भाऊ, एवढीच तेथील व्यवस्था. मागच्या चाकाला बसवलेले गोल कुलूप चाक फिरू देत नाही, परंतु सायकल उचलून नेणाऱ्याला ते अडवू शकत नाही, म्हणून गेल्या दिवाळीत मी पोलादी यू-लॉक, म्हणजे सायकल खांबाला जखडणारे इंग्रजी ‘यू’ अक्षराच्या आकाराचे कुलूप, घेतले.

घेताना किल्ली सपाट आहे ना, हे आधी पाहिले. गोल नळीसारख्या किल्लीची काही यू-लॉक साध्या बॉलपेनच्या नळीने उघडतात, हे 2004 साली अमेरिकेत उघड झाले होते आणि तेथील एका नामांकित कंपनीला ती बदलून द्यावी लागली होती. आकारही मुद्दाम लहान निवडला, कारण कुलपाच्या आत जितकी मोकळी जागा, तितकी पहार घालून उचकटायला सोय. लहान कुलूप लावण्याची पद्धत अमेरिकेचे सायकल-तंत्रज्ञ शेल्डन ब्राउन यांनी सांगितलेली आहे : सांगाड्याच्या मागच्या त्रिकोणाच्या आत येणारा चाकाचा भाग आणि खांब एवढेच कुलपात घ्यायचे, चाक त्या त्रिकोणातून निसटत नाही, त्यामुळे सांगाडाही आपोआप बांधला जातो. पुढचे चाक तेवढे मोकळे राहते. ते नटाने घट्ट केलेले असल्यामुळे मला चालते, परंतु हाताने खटका ओढून सुटणारे चाक असेल, तर वेगळी तार हवीच.

खरी अडचण कुलपाची नव्हे, जागेची निघाली. गर्दी वाढली की स्टँडवाले भाऊ सायकली उचलून दाटीने लावतात, आणि खांबाला जखडलेली सायकल त्यांच्या सगळ्या रांगेचा खोळंबा करते. त्यांचे म्हणणे रास्त होते. शेवटी त्यांनीच भिंतीकडेच्या लोखंडी पाइपाजवळचा कोपरा दाखवला आणि म्हणाले, “आठे लाव ना भाऊ.” तेव्हापासून तक्रार नाही. स्टँडच्या जमिनीत पक्क्या बसवलेल्या लोखंडी कमानींची एक रांग जरी असती, तरी हा प्रश्न मुळातच उद्भवला नसता, असे मला मनापासून वाटते.

उन्हाळ्यात पारा 45 अंशांवर गेला, तेव्हा दुपारी कुलपाला हात लावणे अशक्य होई. धुळीचा त्रास त्याहून अधिक झाला. तेल सोडले की काळ्या मातीची धूळ त्यात चिकटते आणि किल्ली अडखळू लागते. ग्रॅफाइटची भुकटी घातल्यापासून ती पावसाळ्यातही सहज फिरते आहे. सोबत आलेला प्लास्टिकचा पकडा मात्र खड्ड्यांत लवकरच तुटला, आता कुलूप जुन्या ट्यूबच्या पट्टीने कॅरिअरला बांधतो.

नेदरलँड्समधील रेल्वे स्थानकांवर भाड्याने मिळणाऱ्या बंद पेट्या असतात; त्यांत दिवा, पंप आणि सीटसुद्धा सुरक्षित राहते. यू-लॉकने ते साधत नाही, दिवा मला रोज काढून न्यावा लागतो. आपल्याकडे तशा पेट्या आल्या, तर त्या जाळीच्या आणि सावलीत असाव्यात. बंद पत्र्याच्या पेटीत वैशाखात टायर-ट्यूबचे हाल होतील.

दिवसा, माणसांच्या वर्दळीत हे कुलूप मला पुरेसे वाटते. मुक्कामी जायचे असेल तेव्हा मात्र मी सायकल घरीच ठेवतो, कारण रात्री स्टँडवर कोणी नसते आणि बॅटरीवरच्या ग्राइंडरपुढे असे कुलूप फार वेळ टिकत नाही.